वाफेला बसायला जागा

सन एकोणीसशे त्र्याहत्तर. मी चोवीस वर्षांचा होतो, नागभीडच्या इंजिन शेडात फायरमन होतो, आणि छोट्या लाईनीवर माझ्यासारखं फावडं मारणारा दुसरा कोणी नाही असं मला वाटत होतं. आजही वाटतं. ज्याला पटत नसेल त्यानं यावं, फावडं अंगणात ठेवलेलंच आहे.

आज लिहायला बसलो ते मोहामुळे. घरामागच्या बांधावर एक मोह उभा आहे. चैत लागला, पानं झडली आणि आज पहाटे पहिली फुलं पडली. टप्, टप्. अंगणात झोपलेल्या माणसाला वाटतं, कोणी तरी दबक्या पावलानं चालून राहिलं. आणि वास तर काय सांगू, जाड, गोड, जरासा आंबूस. तो नाकात शिरला की मला कोळशाचा धूर आठवतो. लोकांना हे उलटं वाटेल. पण चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, जाणाऱ्या आमच्या गाडीत चैतभर हे दोन वास एकाच डब्यात बसून प्रवास करत. मोहाच्या टोपल्या आत, धूर खिडकीतून आत, आणि माणसं त्यातच कुठे तरी.

सून वंदना चहा घेऊन आली. माझ्या मांडीवर कागद पाहून म्हणाली, "मामाजी, का लिहून राह्यले?"

"इंजिनाबद्दल."

"मंग सैपाक उशिरा केला तरी चालते. तुमची सीसी नागभीडातून निघून चांद्याले पोचेपर्यंत माहा भात दोनदा शिजते."

हसू द्या. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं लिहू नये असा कायदा अजून आलेला नाही.

सीसी म्हणजे इंजिनाची जात. बैलात जशा जाती, तशा इंजिनातही असतात, आणि जात कळली की चाल कळते. आमच्या शेडातल्या सीसी विलायतेतून जहाजात बसून आलेल्या, माझ्या बापाच्याही जन्माआधीच्या. पुढे चार लहान चाकं, वाट चाचपणारी. मधे सहा मोठी, ओढणारी. मागे दोन, भट्टीचं वजन खांद्यावर घेणारी. अंग सडपातळ, धुराडं ताठ. मोठ्या लाईनीचे लोक आमच्या इंजिनाला खेळणं म्हणत. म्हणोत. त्यांचं इंजिन सपाटीवर पळायचं. आमची सीसी सागाच्या जंगलातून, बांबूच्या बेटांतून, पायाच्या पंजाएवढ्या वाटणाऱ्या रुळांवरून वळणं घेत जायची, आणि कमरेत इतकी लवचिक की वळणावर तिची पाठ मला माझ्या जागेवरून दिसायची. एखादी बाई डोक्यावर भरली घागर घेऊन शेताच्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून चालते ना, तशी. घाई नाही, हिंदकळणं नाही.

सीसीचा धर्म साधा. पाणी उकळलं, वाफ झाली, ती सरळ सिलिंडरात गेली, दांडा ढकलला, धुराड्यातून बाहेर पडली. ओली वाफ म्हणायचे तिला. थंडीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांवरून जाताना तिचा पांढरा गोळा उठायचा आणि मागे बराच वेळ जमिनीला चिकटून राहायचा. बेलदारानं घण मारावा असा एकेक हुंकार. तो ऐकून मी आत किती फावडी टाकायची ते ठरवत असे. काटे बघायची गरज कमी पडे. बघायची एकच वस्तू, पाण्याची काच.

ज्यांनी वाफेचं इंजिन आतून पाहिलं नाही त्यांना सांगतो. डायवरच्या समोर बॉयलरच्या पाठीवर एक काचेची उभी नळी असते, बोटभर जाड, आणि फायरमनच्या बाजूला तशीच दुसरी. बॉयलरात पाणी किती आहे ते त्यांच्यात दिसतं. ते खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडतं, आणि उघडं छत तापलं तर मग कोणाचं काही सापडत नाही. म्हणून इंजिनावरची पहिली विद्या कोळशाची नसते, पाण्याची असते.

या विद्येत आमचे डायवर डोमाजी भाऊ आगळे होते. उंच माणूस, ब्रह्मपुरीकडचे, घरी धानाची शेती. खांद्यावर पांढरा दुपट्टा, आणि कोळशाच्या कामात तो पांढरा कसा राहतो हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांची काच नेहमी काठोकाठ भरलेली. जरा खाली गेली की हात आपोआप इंजेक्टरकडे जायचा, म्हणजे बॉयलरात पाणी ढकलणाऱ्या नळाकडे. यामागे कारण होतं. मी नोकरीला लागायच्या पुष्कळ आधी एका उन्हाळ्यात कोसमटोल्याच्या टेशनावरची पाण्याची टाकी कोरडी निघाली होती. मागे जंगल, पुढे जंगल, गाडीत लेकरंबाळं. डोमाजी भाऊंनी बॉयलरात साठवलेल्या पाण्यावर गाडी पुढच्या टाकीपर्यंत नेली. तेव्हापासून भरलेली काच ही त्यांची देवपूजा झाली. आणि ओल्या वाफेच्या सीसीला ते चालूनही जायचं. थोडं पाणी वाफेसोबत गेलं तरी ती कुरकुरत ओढायची.

देवपूजा म्हटलं तर आणखी एक सांगतो. मोहाचं पहिलं फूल सापडलं की जंगलातले लोक आधी ते देवाला ठेवतात, मग वेचायला लागतात. डोमाजी भाऊ काही जंगलातले नव्हते. पण दर चैतात मोहाचं पहिलं फूल ते सीसीच्या समोरच्या दिव्याच्या खुंटीवर ठेवत. कोणी विचारलं तर म्हणत, "ते बी जंगलातच कमावते नं."

त्या चैतात शेडात झेडई आली.

दुसऱ्या सेक्शनवरून आणली होती. ही जात वेगळी. पुढे दोनच लहान चाकं, मधे आठ ओढणारी, मागे दोन. एकाच नकाशावरून कोणी विलायतेत घडवली, कोणी जर्मनीत, कोणी जपानात, आणि तरी एकीचा भाग दुसरीला बसतो, हे मला अजून नवल वाटतं. मी तिला पहिल्यांदा पाहिली तेव्हा धुऊन उभी केली होती. छाती रुंद, चाकं बुटकी आणि दाट, बैल जसा मातीत पाय रोवून उभा असतो. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो. मग तिसऱ्यांदा फिरलो. आपली सीसी सोडून दुसरीकडे पाहून राहिलो म्हणून मला लाज वाटली, पण डोळे हटेनात.

तिची खरी करामत पोटात होती. तिच्यात वाफ झाली की ती लगेच सिलिंडरात जात नसे. तिला बारीक नळ्यांतून पुन्हा आगीत फिरवून आणायचे. त्यानं वाफेतला ओलेपणा जायचा, ती सुकी आणि कडक व्हायची, आणि तेवढ्याच कोळशात, तेवढ्याच पाण्यात जास्त डबे ओढायची. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्या माणसाचे हात मी कपाळाला लावले असते. वाफेला दुसऱ्यांदा शेकायचं! चैताच्या उन्हात झेडईच्या धुराड्यावर वाफ दिसायचीसुद्धा नाही, नुसती हवा थरथरायची. आणि हुंकार सीसीपेक्षा भरभर, लहान चाकांमुळे. सीसी घण मारायची, झेडई उखळात कांडायची.

पण सुक्या वाफेची एक अट होती. वाफेसोबत पाणी वर जाता कामा नये. बॉयलरात वरची जागा मोकळी हवी, काच अर्ध्यावर हवी. काच भरली की पाणी त्या बारीक नळ्यांत शिरतं, आगीतून फिरणाऱ्या वाफेला विझवतं, तेल धुऊन काढतं, आणि इंजिन चढावर हातपाय गाळतं.

शेडाच्या फोरमन साहेबांनी डोमाजी भाऊंना हे नीट समजावलं. साहेब चांगले होते, बरोबर सांगत होते. मी पण सांगितलं. त्यावर भाऊ मला म्हणाले, "मारोती, तू कोळसा टाक. पानी मी पायतो."

"भाऊ, पन हे सीसी नाई."

"पोट भरलेलं जनावर वाटेत बसत नाई," ते म्हणाले, आणि इंजेक्टर सुरू केला.

जनावर वाटेत बसलं. पहिल्या आठवड्यात दोनदा कोसमटोल्याच्या पुढच्या चढावर झेडई उभी राहिली. अर्धी गाडी तिथेच सोडायची, अर्धी वर नेऊन ठेवायची, मग परत यायचं. डब्यातले लोक उतरून सावलीत बसले आणि आमच्याकडे पाहू लागले. डोमाजी भाऊंच्या गाडीकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. फोरमन साहेबांनी मग स्पष्ट सांगितलं, शनिवारी मी स्वतः इंजिनावर येतो. चढ निघाला तर गाडी डोमाजीची. नाही तर डोमाजी यार्डात शंटिंगला, गाडी दुसऱ्याला.

भाऊंच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं. शंटिंग म्हणजे दिवसभर यार्डात रिकामे डबे इकडून तिकडे ढकलायचे. ज्या माणसाची शिटी ऐकून जंगलातल्या बाया रुळावरून टोपल्या उचलत, त्यानं शेवटचं वर्ष शेडाच्या चहावाल्यासमोर मागेपुढे करत काढायचं. त्या चैतात मोहाचं पहिलं फूल त्यांनी झेडईच्या खुंटीवर ठेवलं नव्हतं. सीसी शेडाच्या मागच्या रुळावर थंड उभी होती, तिच्याही खुंटीवर नव्हतं. ते मी पाहून ठेवलं होतं.

शुक्रवारी कोसमटोल्याला एक वरात चढणार होती. चैत-वैशाखाचे दिवस, आमच्या गाडीत मोह आणि वराती एवढंच असायचं. नवरदेव नव्या पांढऱ्या धोतरात, बाशिंग बांधून, फलाटावर लोखंडी पेटीवर बसलेला. फलाट कसला, मुरमाचा उंचवटा. पलीकडे रुळाच्या कडेला मोहाची फुलं वाळत घातलेली आणि तिथे जंगूबाई झाडू घेऊन उभी. जंगूबाई गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, वयानं भाऊंच्या बरोबरीची. तिचे मोह रुळाच्या दोन्ही बाजूंना होते, म्हणून सगळ्या गाड्यांशी तिचं रोजचं भांडण. ठिणगीनं आग लागते, धुरानं फुलं काळी पडतात. भाऊ तिच्यासाठी वळणावर लांब शिटी द्यायचे आणि धुराड्यातली ठिणग्या अडवणारी जाळी शेडात स्वतः तपासायचे.

वरात चढून राहिली होती. नवरदेव अजून खालीच, कारण पेटी चढवायची होती. इंजिन फलाटाच्या पुढच्या टोकाला, नवरदेवाच्या अगदी बाजूला. पुढे चढ, म्हणून काच काठोकाठ. पेटीसमोर डब्याचं दार यावं म्हणून भाऊंनी गाडी जरा पुढे घ्यावी म्हटलं आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरात वाफ सोडायची दांडी, उघडला.

झेडई हुंकारली नाही. ती खाकरली. आणि धुराड्यातून वाफेऐवजी पाणी उडालं, काजळी धुऊन आणलेलं काळंभोर पाणी, उंच गेलं आणि अख्खं खाली आलं. नवरदेवाच्या धोतरावर, बाशिंगावर, वरबापाच्या पागोट्यावर, वाजंत्र्याच्या ढोलावर. ढोलावर पडलं तेव्हा तो आपोआप वाजला.

मग सगळेच बोलले.

"अरे ए डायवर! माह्या पोराचं लगन हाये का मयत?" वरबाप.

"धोतर कोन देईन आता? धोतर!" नवरदेवाचा मामा.

नवरदेव बिचारा हसून राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर दातच पांढरे उरले होते.

भाऊ इंजिनावरून खाली उतरले. त्यांच्या हाताखाली काम करताना मी त्यांना कोणासमोर मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून नवरदेवाचं तोंड पुसायला पुढे केला. तेवढ्यात पलीकडून जंगूबाई इतक्या मोठ्यानं हसली की लोक भांडण थांबवून तिकडे पाहायला लागले.

"डायवर भाऊ," ती म्हणाली, "हंडी काठोकाठ भरली व्हय?"

"कोनती हंडी?"

"तुही लोखंडाची! मोहाची हंडी चुलीवर ठेवतो का नाई आमी? काठापर्यंत भरली तं फुगून वर येते. नळीतून दारू नाई येत, घान पानी येते. माही सासू मले मारे त्याच्यापायी. सांगे, पोरी, वाफेले बसाले जागा ठेव!"

लोक हसले. वरबाप पण हसला, कारण हंडी त्यालाही माहीत असणार. भाऊ हसले नाहीत. ते वळून झेडईकडे पाहत उभे राहिले. त्यांनी कधी दारू शिवली नव्हती, पण मोह उतरवण्याची हंडी, तिच्यावरचं झाकण, त्यातून निघालेली नळी आणि वाफेचे थेंब हे या मुलखात जन्मलेल्या कोणाला नवं असतं? मी त्यांच्या डोळ्यांत पाहत होतो. बॉयलर त्यांना पहिल्यांदा हंडीसारखा दिसून राहिला होता.

फोरमन साहेबांचं तेच म्हणणं होतं. माझंही तेच होतं. पण साहेब वरचे आणि मी खालचा. दोघांचंही ऐकणं भाऊंना जमलं नाही. बरोबरीच्या माणसानं हसून सांगितलेलं त्यांना ऐकता आलं. मला तेव्हा याचा राग आला होता, खरं सांगतो. आता मीही तसाच झालो आहे. वंदना बीपीच्या गोळ्यांबद्दल सांगते ते ऐकत नाही, आणि शेजारचा म्हातारा सांगतो ते ऐकतो.

नवरदेव दुपट्टा गुंडाळून लग्नाला गेला, धोतरासारखा. भाऊंचा दुपट्टा त्या दिवशी पहिल्यांदा काळा झाला आणि तसाच कोणाच्या तरी मांडवात मिरवला.

संध्याकाळी शेडात आग मंद करून आम्ही खाली उतरलो. भाऊंनी नळावर हातपाय धुतले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मारोती, उद्या पानी तू धर."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. डायवर फायरमनला पाणी देत नाही. फावडं देतो, कधी घटकाभर रेग्युलेटर देतो. पाणी म्हणजे जीव. चढावर पाणी मागे सरकतं, काच खोटं सांगते, उतारावर पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडायला येतं. अर्ध्या काचेवर त्या जंगलातून गाडी नेणं म्हणजे अर्धा जीव मुठीत. तो जीव ते माझ्या हाती देऊन राहिले होते.

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या बाजूले बी काच हाये. तुमी पायसान तं हात जाईनच इंजेक्टरवर."

"जाईन," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचा हात हाये."

"मंग?"

"त्याचं तू पाय. तुही अक्कल फार चालते म्हनते नं शेड."

आणि ते नव्या झेडईला वळसा घालून, सीसीच्या अंगावर एकदा तळहात फिरवून, घरी गेले.

आता सीसी नाही आणि झेडईही नाही. डिझेल आलं, मग आमचे रुळच उखडून मोठे टाकले. नागभीडाच्या फाटकावर उभा राहतो तेव्हा बिजलीचं इंजिन कोळशाचे डबे ओढत निघून जातं, इतके डबे की मोजता मोजता चहा थंड होतो. त्याला मी वाईट म्हणत नाही. ताकद पाहिली की मान झुकते, मग ती कोणाचीही असो. सीसी घडवणाऱ्यानं वाफ ओढायला लावली. झेडई घडवणाऱ्यानं तीच वाफ पुन्हा शेकली. बिजलीवाल्यानं आग दूर कुठे तरी ठेवली आणि तारेतून तिची ताकद आणली. एकाच घराण्यातली माणसं वाटतात मला ती, बाप, लेक, नातू. फक्त एवढंच की नातवाच्या पोटातला आवाज ऐकू येत नाही. त्याला भूक लागली की नाही हे फावडं मारणाऱ्याला कळत नाही, कारण फावडं मारणाराच नाही.

डोमाजी भाऊ पुढच्या वर्षी नोकरीतून मोकळे झाले. त्या दिवशी ते झेडईच्याच पायरीवरून उतरले, चांद्याहून गाडी आणून. गळ्यात झेंडूचा हार होता आणि खांद्यावर नवा पांढरा दुपट्टा. कोसमटोल्याला जंगूबाईनं त्यांना मोहाच्या वाळल्या फुलांची एक पिशवी दिली होती आणि वर म्हणाली होती, "घरी हंडी लावजो डायवर भाऊ, आता तुले येते." ते हसले होते त्या वेळी.

पण माझ्या मनात जो चैत येतो तो तिथपर्यंत जात नाही. तो शनिवारपाशीच थांबतो. मोहाचं फूल जमिनीवर टेकलं की मला त्या पहाटेचं शेड दिसतं. थंड राख, ओला कोळसा, कंदिलाच्या काचेवरची काजळी, आणि पोटात हळूहळू जागी होणारी ती झेडई. फोरमन साहेब अजून यायचे होते. भाऊ माझ्याआधी येऊन गेले होते, कारण समोरच्या दिव्याच्या खुंटीवर मोहाचं एक ताजं फूल ठेवलेलं होतं, पिवळसर, टपोरं, दव न वाळलेलं.

मी वर चढलो. आग पसरली. माझ्या बाजूची काच जवळच्या फडक्यानं पुसून लख्ख केली. मग घरून धुऊन आणलेला माझा दुपट्टा खांद्यावरून काढला, भाऊंच्या बाजूच्या काचेवर नीट टाकून त्याला गाठ मारली, आणि पाणी अर्ध्यावर आल्याबरोबर इंजेक्टर बंद केला.